विलायतेतील मध्ययुग महाराष्ट्रात

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे वणा नदीच्या काठचे कापसाच्या बाजाराचे गाव. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूल आणि मँचेस्टर येथील ज्या व्यापाऱ्यांनी हे गाव नकाशावर कधी शोधूनही पाहिले नसेल, त्यांच्या तोंडी या गावाचे नाव नित्य असे. त्यांच्या लेखी हिंगणघाट हे गाव नव्हतेच. ती कापसाची एक जात होती. काळ्या कसदार जमिनीत होणारा, लांब आणि मऊ धाग्याचा जो बणी कापूस, तो व्यापारात या गावाच्या नावाने ओळखला जाई, आणि हिंदुस्थानी कापसात त्याची गणना वरच्या प्रतीत होत असे. इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरे अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि मग वऱ्हाड, नागपूर प्रांत, खानदेश व गुजराथ येथील कापसास सोन्याचे मोल आले. बैलगाड्यांच्या रांगा लोहमार्गाच्या रोखाने निघाल्या, कापसाचे गठ्ठे मुंबईच्या धक्क्यावर जाऊन पडले, आणि त्यांच्या बदल्यात जो पैसा आला तो बहुतांशी मुंबईतच राहिला.

त्या पैशाने मुंबईने काय केले? बराचसा तर तिने सट्ट्यात उडवला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या. परंतु जो उरला त्यातून, आणि सरकारी तिजोरीतून, किल्ल्याचा तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर एक नवे नगर उभे राहिले. ज्या शहराचे ऐश्वर्य आगगाडी, आगबोट आणि गिरणीची चाती यांवर अवलंबून, त्या शहराने आपल्यासाठी वेष निवडला तो मात्र तेराव्या शतकातील युरोपचा! टोकदार कमानी, आकाशात घुसणारी शिखरे, रंगीत काचांची तावदाने, पन्हाळ्यांच्या तोंडाशी बसविलेली अक्राळविक्राळ जनावरे. मठ आणि मोठमोठी प्रार्थनामंदिरे बांधणाऱ्या काळाची ही वस्त्रे कापसाच्या व्यापाऱ्यांनी आणि इंग्रज अंमलदारांनी का परिधान करावीत, हे कोडे उलगडण्यासाठी प्रथम विलायतेस जाणे प्राप्त आहे.

'गॉथिक' हा शब्द मुळात शिवीच होता. रोमन साम्राज्य उद्ध्वस्त करणाऱ्या रानटी गॉथ लोकांच्या नावावरून, पुढील पंडितांनी मध्ययुगातील सर्व बांधकामास तो हिणवून लावला. सतराव्या-अठराव्या शतकांतील सुशिक्षित इंग्रजास ग्रीस आणि रोम एवढेच वंद्य वाटत. मधली हजार वर्षे म्हणजे अज्ञानाचा अंधार. या समजुतीस पहिला धक्का दिला तो एका हौशी माणसाने. होरेस वॉलपोल या सरदारपुत्राने १७४९ च्या सुमारास लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल येथील आपल्या घरास जुन्या किल्ल्याचे आणि मठाचे रूप देण्यास आरंभ केला, आणि १७६४ साली भुताखेतांनी व भुयारांनी भरलेली एक कादंबरीही लिहिली. हा खेळच होता. पण पुढे वॉल्टर स्कॉटने १८१९ च्या अखेरीस 'आयव्हॅन्हो' प्रसिद्ध केली आणि खेळाचे वेडात रूपांतर झाले. शूर शिलेदार, त्यांचे द्वंद्व, त्यांची स्वामिनिष्ठा यांच्या कथा घरोघर वाचल्या जाऊ लागल्या. १८३९ मध्ये स्कॉटलंडात एग्लिंटनच्या उमरावाने तर प्रत्यक्ष चिलखती स्वारांचा सामना भरविला. हजारो प्रेक्षक जमले. आणि नेमका त्याच दिवशी असा मुसळधार पाऊस कोसळला की मध्ययुगीन वीरांस छत्र्यांचा आश्रय करावासा वाटला. वर्तमानपत्रांना वर्षभर पुरेल एवढा विनोद त्यातून मिळाला.

तथापि या सर्व प्रकरणास केवळ हौस म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. त्याच सुमारास इंग्लंडात गिरण्यांची गावे धुराने काळवंडत होती, लहान मुले बारा-बारा तास यंत्रापाशी उभी राहत होती, आणि १८३४ च्या कायद्याने गरिबास मदत हवी असेल तर त्याने तुरुंगासारख्या दरिद्रीगृहात जाऊन राहावे असे ठरले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात पार्लमेंटचा जुना वाडा जळून खाक झाला. नवा वाडा गॉथिक अथवा एलिझाबेथकालीन पद्धतीचाच असावा अशी अट घालण्यात आली. चार्ल्स बॅरीने आराखडा केला आणि त्यावरील सारी कलाकुसर ऑगस्टस प्यूजिन या तरुणाने रेखिली. प्यूजिनने १८३६ मध्ये एक विलक्षण चित्रग्रंथ काढला होता. त्यात एका पानावर जुने आणि समोर नवे अशी चित्रे होती. दुसऱ्या आवृत्तीत त्याने एकच गाव १४४० साली कसे होते व १८४० साली कसे झाले हे दाखविले. जेथे शिखरे होती तेथे धुराडी, जेथे मठाच्या दारी गरिबास अन्न मिळे तेथे कोठड्यांचे दरिद्रीगृह. चित्रात अतिशयोक्ती भरपूर होती, पण वाचकाच्या मनात एक प्रश्न रुतून बसला: या प्रगतीत माणूस सुखी झाला की दुःखी? १८४३ मध्ये टॉमस कार्लाईलने हाच प्रश्न आपल्या गडगडाटी भाषेत विचारला, आणि उत्तरादाखल बाराव्या शतकातील सॅमसन नावाच्या एका मठाधिपतीचे चरित्र गिरणीमालकांपुढे ठेवले. त्याचे म्हणणे असे की, धनी आणि चाकर यांच्यात रोख पैशाखेरीज दुसरे काही नातेच उरलेले नाही.

अशा रीतीने मध्ययुग ही वर्तमानकाळास मारण्याची छडी बनली. मौज अशी की ही छडी दोन्ही हातांनी वापरता येत होती. उमरावास तिच्यात जुनी सत्ता दिसे, आणि मजुराच्या कैवाऱ्यास जुना न्याय.

या विचारपरंपरेचा मुकुटमणी म्हणजे जॉन रस्किन. १८५३ साली त्याच्या व्हेनिस शहरावरील ग्रंथाचा दुसरा खंड निघाला व त्यात गॉथिक शिल्पाच्या स्वरूपावर एक प्रकरण होते. त्याचा आशय थोडक्यात असा. ग्रीक देवळाचा नक्षीदार पट्टा इकडून तिकडे सारखा असतो, कारण तो कोरणारा गुलाम असतो. त्याने नमुन्याबरहुकूम काम करावे एवढीच अपेक्षा असते. गॉथिक देवळातील पानफुले, माकडे, राक्षस हे ओबडधोबड असतात, एकासारखे दुसरे नसते, कित्येक तर चुकलेलेही असतात. पण त्या प्रत्येकात पाथरवटाने आपले डोके चालविलेले असते. तेव्हा कामातील उणेपणा ही मजुराच्या स्वातंत्र्याची खूण होय. याच्या उलट गिरणीत टाचणीचे डोके घासण्यात ज्याचा जन्म जातो, त्याच्या कामात चूक सापडणार नाही, परंतु तो माणूसही सापडणार नाही. शिल्पशास्त्रावरील पुस्तकात अर्थशास्त्राची ही उलथापालथ पाहून पुष्कळांनी भुवया उंचावल्या. विल्यम मॉरिसने मात्र हे प्रकरण गुरुमंत्राप्रमाणे उराशी धरले, १८६१ मध्ये हातकारागिरीची पेढी काढली, पुढे समाजसत्तावादी झाला, आणि आयुष्याच्या शेवटी आपल्या केल्म्स्कॉट छापखान्यात १८९२ साली तेच प्रकरण सुंदर अक्षरांत छापून गुरूचे ऋण फेडले.

आता मुंबईकडे वळावे. येथे गॉथिक आले ते प्रथम धर्माच्या वाटेने. अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कुलाब्यास बांधलेले सेंट जॉनचे चर्च १८५८ मध्ये पवित्र करण्यात आले. परंतु शहराचे रूप पालटले ते गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या अमदानीत, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळात व त्यानंतर. तत्पूर्वी, १८३३ साली, पुरी झालेली टाऊन हॉलची इमारत ग्रीक खांबांची आहे. ती आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावरील नव्या इमारती पाहिल्या म्हणजे तीस वर्षांत इंग्रजी मन कोठून कोठे गेले हे पुस्तक न उघडता कळते. कर्नल विल्किन्स याने सचिवालय व्हेनिसच्या थाटात बांधले. कर्नल फुलर याने हायकोर्ट बांधले. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा आणि ग्रंथालयाचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या नामांकित विलायती शिल्पज्ञाने केला, पण त्याने हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊल ठेवले नाही. लंडनमध्ये बसून काढलेल्या या आराखड्यात तेराव्या शतकातील फ्रान्स आणि मुंबईचा पाऊस यांचा मेळ घालण्याचे काम येथल्या अभियंत्यांवर पडले.

ग्रंथालयास लागून असलेला राजाबाई टॉवर सुमारे २८० फूट उंच आहे. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या बादशहाने १८६४ मध्ये, म्हणजे तेजी ऐन भरात असता, ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि आपल्या मातोश्रींच्या नावाने मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये विद्यापीठास दिले. पुढच्याच वर्षी त्यांची पेढी बुडाली; दान मात्र बुडाले नाही, आणि १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. त्याचा पाया हिंगणघाटच्याच कापसावर आहे असे कोणी म्हणू नये, पण त्या दानातील किती रुपये काळ्या जमिनीतून निघाले असतील याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही, हेही तितकेच खरे. या मनोऱ्यावर एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. युरोपात जेथे संतांच्या व राजांच्या मूर्ती बसवितात, तेथे येथे पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या मूर्ती बसविल्या आहेत. त्या घडविण्याचे श्रेय रावबहादूर मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्यास दिले जाते. ख्रिस्ती देवळाच्या सांगाड्यात हिंदू समाजाची जातवारी उभी! मध्ययुगाचे अनुकरण करता करता इंग्रजास आपल्या दाराशीच एक जिवंत मध्ययुग आहे असे वाटू लागल्याची ही दगडी साक्ष आहे. आणि हे वाटणे किती दूर गेले ते पुढे दिसून येईल.

बोरीबंदरचे स्टेशन ही या सर्व इमारतींतील शेवटची व सर्वांत भव्य कृती. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या देखरेखीखाली १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत ते बांधले गेले, आणि सीताराम खंडेराव वैद्य व माधवराव जनार्दन हे अभियंते त्याच्या हाताखाली होते. खर्च सोळा लक्षांवर गेला. यातील दगडी कोरीव काम सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. ही शाळा १८५७ मध्ये निघाली होती, आणि १८६५ साली तेथे लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स असे दोन शिक्षक विलायतेहून आले. या शाळेसाठी विल्यम बर्जेस या मध्ययुगवेड्या शिल्पकाराने असा काही अद्भुत आराखडा पाठविला होता की खर्चाचा आकडा पाहूनच तो बासनात गेला. किपलिंग क्रॉफर्ड मार्केटच्या दरवाजावरील शिल्पे करून १८७५ मध्ये लाहोरास गेला. ग्रिफिथ्स मागे राहिला. त्याने एकीकडे आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करविल्या, तर दुसरीकडे बोरीबंदरच्या खांबांवर मोर, मुंगूस, माकडे आणि देशी पानवेली कोरविल्या. रस्किनने जे मागितले होते, म्हणजे पाथरवटाच्या हातास मोकळीक, ते जर कोठे थोडेफार साधले असेल तर ते या खांबांच्या माथ्यावर. बाकी इमारतीचे प्रयोजन आगगाड्या सोडणे व भाडे मोजणे हेच होते, आणि ज्या यंत्रयुगावर रस्किन दात खाई त्याच यंत्रयुगाच्या दरवाजावर त्याची कला चौकीदार म्हणून बसली.

खुद्द रस्किनचे हिंदुस्थानविषयीचे मत ऐकले तर मात्र मोठी निराशा पदरी येते. १८५७ च्या उठावाच्या बातम्यांनी इंग्लंड खवळलेले असता, १८५८ च्या जानेवारीत त्याने लंडनमध्ये एक व्याख्यान दिले. हिंदी लोकांची नक्षी सुंदर खरी, पण ती निसर्गाकडे पाठ फिरविणारी आहे आणि अशी कला माणसास क्रौर्याकडे नेते, असा त्याचा सूर होता. संतापाच्या भरात शहाण्या माणसाची दृष्टी किती अधू होते याचे हे उदाहरण होय. त्याच्या अनुयायांनी हे मत मानले नाही. सर जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२ साली बेळगावास झाला, मुंबईत त्यांनी वैद्यकी केली, राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत भाग घेतला, आणि १८८० मध्ये हिंदुस्थानच्या कलाकौशल्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात खेडेगावच्या कुंभाराचे, कोष्ट्याचे, तांबटाचे असे वर्णन केले की विलायतेतील कारागीर-मंडळास जणू आपले हरवलेले मध्ययुग पूर्वेकडे सापडले. वंशपरंपरेने चालत आलेला हुन्नर, गावाने बांधून दिलेले पोट, बाजाराची घाई नाही, यंत्राचा खडखडाट नाही. मॉरिसच्या कंपूस याहून अधिक काय हवे होते? येथे एवढे सांगितले पाहिजे की कारागिरांचे संघ ही काही युरोपची मिरास नव्हे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा दुसऱ्या शतकातील जो लेख आहे, त्यात गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन सहस्र कार्षापण व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. ज्या काळी इंग्लंडात रोमन शिपाई पहारा करीत होते, त्या काळी आपले विणकर पेढी चालवीत होते.

कलेच्या प्रांतात जे बर्डवुडने केले, ते राज्यशास्त्राच्या व कायद्याच्या प्रांतात इतरांनी त्यापूर्वीच आरंभिले होते. कर्नल टॉडने १८२९ ते १८३२ मध्ये राजस्थानचा इतिहास लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर हॅलमचा मध्ययुगीन युरोपवरील ग्रंथ होता. साहजिकच रजपूत ठाकूर त्यास युरोपातील सरंजामी उमरावाचा भाऊच दिसला. सर चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये हिंदी खेड्यांस चिमुकल्या लोकराज्यांची उपमा दिली: राजवटी आल्या आणि गेल्या, गाव मात्र जसाच्या तसा. पुढे सर हेन्री मेन हा १८६२ ते १८६९ पर्यंत कलकत्त्यास कायदेमंत्री होता. त्याने १८७१ साली प्राचीन जर्मन खेडे व हिंदुस्थानातील खेडे यांची तुलना करून असे मांडले की, युरोपने जे हजार वर्षांपूर्वी मागे टाकले ते येथे अद्याप चालू आहे. आपला भूतकाळ दुसऱ्याच्या वर्तमानकाळात पाहण्याची ही दृष्टी होती. तिच्यात कौतुक होते, पण कौतुकाच्या पोटात हेही होते की असे लोक अद्याप वयात आलेले नाहीत, तेव्हा त्यांच्यावर पालक हवा.

हा पालक १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस समारंभपूर्वक प्रकट झाला. व्हिक्टोरिया राणीने कैसर-ए-हिंद ही पदवी धारण केल्याचे जाहीर करण्यासाठी लॉर्ड लिटनने जो दरबार भरविला, त्याची सजावट लॉकवुड किपलिंगकडे होती. प्रत्येक संस्थानिकास विलायती सरदाराप्रमाणे कुलचिन्ह असलेले निशाण देण्यात आले. ती चिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या एका मुलकी अंमलदाराने कल्पिली होती. ज्या राजघराण्यांच्या जरीपटक्यांस स्वतःचा इतिहास होता, त्यांच्या हाती इंग्रजाने आपल्या मध्ययुगातील कापड दिले. त्याच दिवशी नागपुरास जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली व राणीच्या नव्या पदवीवरून तिचे नाव एम्प्रेस मिल असे पडले. आणि त्याच दिल्लीच्या दरबारात पुणे सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, स्वतः कातलेल्या सुताची खादी अंगावर घालून गेले होते. चिलखती काळाचा देखावा, वाफेची गिरणी आणि हातसुताची खादी ही तिन्ही एकाच तारखेस एकत्र यावीत हा इतिहासाचा विनोद मोठा मार्मिक आहे. पुढील पन्नास-साठ वर्षांचा वाद त्या एका दिवसात बीजरूपाने सामावलेला आहे.

कारण मध्ययुगाचा दुसरा प्रवाह, जो दगडात न येता विचारात आला, तो शेवटी वर्धा जिल्ह्यातच येऊन पोचला. रस्किनने १८६० मध्ये एका मासिकात अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. मासिकाचा संपादक कादंबरीकार थॅकरे होता. वाचकांचा असा गिल्ला झाला की त्याने पुढील निबंध बंद केले. १८६२ मध्ये ते 'अन्टु धिस लास्ट' या नावाने ग्रंथरूपाने निघाले. नाव बायबलातील द्राक्षमळ्याच्या कथेवरून घेतलेले होते: मळ्याचा धनी सायंकाळी आलेल्या मजुरासही सकाळी आलेल्याइतकीच मजुरी देतो. मागणी-पुरवठ्याच्या तराजूत माणसाची मजुरी जोखू नये, संपत्तीचे माप मनुष्यजीवन हेच असावे, हा या निबंधांचा गाभा. व्हेनिसच्या पाथरवटासंबंधी जे १८५३ साली सांगितले तेच येथे सर्व मजुरांना लागू केले होते.

१९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना हेन्री पोलक या स्नेह्याने हे पुस्तक गांधीजींच्या हाती दिले. त्यांनी ते रात्रभरात वाचून संपविले व लगेच फिनिक्स येथे वसाहत करण्याचे ठरविले. वकिलाच्या कामाचे आणि न्हाव्याच्या कामाचे मोल एकच, हा त्यातून त्यांनी घेतलेला एक धडा. १९०८ मध्ये त्यांनी या पुस्तकाचे सार गुजराथीत दिले व त्यास 'सर्वोदय' हे नाव ठेवले. आज मराठीत अगदी घरचा झालेला हा शब्द एका इंग्रजी पुस्तकाच्या भाषांतरासाठी जन्मास आला आहे. १९०९ मधील 'हिंद स्वराज्य' या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी वाचनीय ग्रंथांची जी यादी जोडली, तीत रस्किन आहे, एडवर्ड कार्पेंटर आहे, आणि खेड्यांवर लिहिणारा सर हेन्री मेनही आहे. त्याच वर्षी चेस्टरटन या मध्ययुगाभिमानी इंग्रज लेखकाने लिहिले होते की, हिंदी राष्ट्रवादी जे मागतात ते फारसे हिंदीही नाही आणि फारसे राष्ट्रीयही नाही. हा लेख गांधीजींना इतका पटला की त्यांनी तो आपल्या वाचकांस भाषांतरून दिला. याचा अर्थ गांधीजींनी आपले विचार विलायतेहून उसने आणले असा कोणी करील तर ती चूक होईल. नरसी मेहता, गीता व टॉलस्टॉय यांची पुटे त्यावर होतीच. शिवाय रस्किनच्या मध्ययुगात राजा होता, सरदार होता, भव्य मंदिर होते. गांधीजींनी ते सर्व वगळून फक्त कारागीर तेवढा ठेवला.

१९२१ साली जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्यास आले. १९३४ च्या अखेरीस तेथेच अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत कागद, घाणीचे तेल, मधमाशा यांचे प्रयोग सुरू झाले, आणि लंडन व अमेरिका येथे हिशेबशास्त्र व अर्थशास्त्र शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. १९३६ च्या एप्रिल अखेरीस गांधीजी शेगावास राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम. तेथील माती, बांबू आणि कौलांच्या झोपड्या उभारण्यात मीराबेन या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या कन्येचा हात होता. रस्किनने दगडी मंदिरात जे पाहिले ते एका इंग्रज स्त्रीच्या हाताने वर्ध्याच्या मातीत उतरावे, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिकडे वीस-बावीस मैलांवरील हिंगणघाटास मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सूत व कापडाच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते, आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे त्या भोंग्यावर कामास जात होती. बणी कापसाची जागाही हळूहळू आखूड धाग्याच्या, पण अधिक उतारा देणाऱ्या जातींनी घेतली होती. शेतकऱ्याने धाग्याच्या सौंदर्यापेक्षा मणांचा हिशेब पाहिला आणि त्यात त्यास दोष देता येत नाही. एकाच जिल्ह्यात मँचेस्टर आणि मँचेस्टरचा प्रतिवाद अशी ही शेजारशेजारची वस्ती होती.

या जुन्या गावाच्या चित्रास प्रत्यक्ष गावात राहिलेल्या मराठी माणसांनी काय उत्तर दिले, हा भाग इंग्रजी ग्रंथांत क्वचित वाचावयास मिळतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. मुलकी खात्याच्या नोकरीत त्यांनी शेकडो गावे पाहिली होती. मेटकाफला जेथे लोकराज्य दिसले, तेथे आत्र्यांना खळ्यावर बलुत्यासाठी चाललेली तंटेबखेडी दिसली. बर्डवुडला जेथे वंशपरंपरेचा हुन्नर दिसला, तेथे त्यांना असा वतनदार कारागीर दिसला की ज्याचे काम चांगले झाले तरी वाटा तोच आणि वाईट झाले तरी तोच. न्हावी, सुतार, कुंभार यांस गाव सोडता येत नाही आणि गावास त्यांना सोडता येत नाही. मग कसब वाढावे कशाने? मराठीतील या ग्रंथाची योग्यता मेनच्या ग्रंथाहून काही बाबतींत अधिक आहे, कारण त्यात खेड्याचा धूर डोळ्यांत गेलेला आहे.

याहून तिखट उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. गावगाड्यात जो सर्वांच्या खाली, त्याच्या बाजूने त्यांनी या चित्राकडे पाहिले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनातील वेठ दूर करण्यासाठी विधेयक आणले. चार पायल्यांच्या आशेवर रात्रंदिवस सरकार आणि गाव यांची चाकरी करावयास लावणारे हे वतन मेटकाफच्या वर्णनात कोठेच आलेले नव्हते. १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाचे नाते रूसो, रस्किन आणि टॉलस्टॉय यांच्याशी स्पष्टपणे जोडून दाखविले व यंत्राचा त्याग म्हणजे बहुजनांच्या फुरसतीचा आणि संस्कृतीचा त्याग होय असे बजावले. यंत्र माणसास पशू बनविते, हे रस्किनचे म्हणणे. यंत्राखेरीज दलितास पशुजीवनातून सुटका नाही, हे आंबेडकरांचे. दोघांच्याही डोळ्यांसमोर माणसाची प्रतिष्ठाच होती. फरक इतकाच की एकाने मध्ययुग देवळाच्या शिखरावर पाहिले आणि दुसऱ्याने ते वेशीबाहेर सोसले.

हा वाद ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत उघडपणे झाला. घटनेच्या मसुद्यात खेड्यास स्थान नाही असा आक्षेप होता. आंबेडकरांनी उत्तर देताना मेटकाफचे नाव घेतले, त्याचे वर्णन सभागृहास ऐकविले, आणि अशा खेड्याचा अभिमान बाळगण्यासारखे काही नाही असे कठोर शब्दांत सांगून, घटनेने खेडे टाकून व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केले. सभासदांत खळबळ उडाली, कारण सेवाग्रामचा महात्मा जाऊन तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सेवाग्राम येथे त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वोदय समाजाची स्थापना केली होती. शेवटी २२ नोव्हेंबर रोजी के. संतानम यांची सूचना स्वीकारून ग्रामपंचायतींचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यात आले. आज ते घटनेचे चाळीसावे कलम आहे. व्यक्ती हा घटक कायम राहिला. मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने, ज्यांत महार वतन होते, ती १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. बोरीबंदरच्या स्टेशनास १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, आणि २००४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. १४ वर्षांनी त्याच यादीत ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींचा समूहही दाखल झाला, आणि त्यांत राजाबाई टॉवर आपल्या जातिजमातींच्या मूर्तींसह आहे.